मागचा दोर

"दोर आत!"

रेडिओने आरोळी ठोकली, ती इतकी खणखणीत की धक्क्यावरचे कावळे उडाले. आरोळीत एकच उणीव होती. दोर आत नव्हता. खुंट्यावरून सुटून तो पाण्यात पडला होता आणि होडीच्या मागे लांब शेपटीसारखा मजेत चालला होता.

खोटं बोलायचं रेडिओच्या मनात नव्हतं. त्याच्या मनात त्या वेळी कावळे होते. बाकावर बसलेल्या बेकरीवाल्याचं म्हणणं असं, की या कावळ्यांना बेकरीच्या सुट्टीचा दिवस बरोबर कळतो, त्या दिवशी एकही फिरकत नाही. रेडिओचं म्हणणं, कळतंबिळतं काही नाही, भट्टीचा धूर दिसला नाही की येत नाहीत, एवढंच. वाद रंगात आला होता, दोन्ही हात हातवाऱ्यांत गुंतले होते, आणि दोर ओढून झाल्यावर द्यायची आरोळी सवयीने दोर ओढायच्या आधीच तोंडातून निसटली.

पुढे सुकाणूच्या चाकापाशी बसलेल्या आत्याने ती ऐकली, गिअर टाकला आणि होडी निघाली. तिने वळून पाहिलं नाही. ती कधीच पाहत नसे. चाक पुढे, दोर मागे, आणि मध्ये इंजिनाची पेटी, छताचे खांब, बाकं आणि बाकांवरची माणसं. वळलं तरी दिसणार काय, तर डोकी. म्हणून या होडीवर आजोबांच्या वेळेपासून रीत होती, की मागच्या माणसाने 'दोर आत' म्हटल्याशिवाय गिअर पडत नाही, आणि म्हटल्यावर थांबत नाही. "मीच वळून बघायचं तर मागे माणूस कशाला ठेवू? फुलदाणी ठेवीन," असं ती म्हणायची.

तर ही फुलदाणी म्हणजे तिचा सख्खा भाचा. बारावीपर्यंत शिकलेला, हाताने चलाख आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. आधी तो स्वतःच्या बापाच्या होडीवर होता. तिथे त्याने लोकांना एक गोष्ट इतकी रंगवून सांगितली की दोन बायका धक्का आला तरी उतरल्या नाहीत, शेवट ऐकायला परत आल्या आणि भाडं मात्र एकाच खेपेचं दिलं. बापाने त्याला त्याच संध्याकाळी उतरवलं. दुसऱ्या सकाळी आत्याने चढवलं.

आत्याला गाव कप्तानबाई म्हणायचं. अंगाने बुटकी, म्हणून चाकासमोरच्या खुर्चीवर गोणपाटाची घडी आणि घडीवर ती. चष्म्याच्या काड्या सुतळीने मानेमागे बांधलेल्या. खाडीच्या या काठाला बाजार आणि घरं, त्या काठाला शाळा, दवाखाना आणि सुताचा कारखाना. अर्ध्या गावाला तिनेच शाळेत नेलं होतं, दवाखान्यात नेलं होतं, सासरी नेलं होतं, आणि त्यातल्या काहींना सासरहून परतही आणलं होतं, काही न विचारता.

चाक तिच्याकडे आलं ते चहाच्या पेल्यामुळे. आजोबांना मुलं दोन, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. हात थकायला लागले तेव्हा त्यांनी इंजिनाच्या पेटीवर काठोकाठ भरलेला चहाचा पेला ठेवला आणि दोघांना म्हणाले, होडी धक्क्याला लावा, चहा सांडता कामा नये. थोरल्याने लावली, अर्धा चहा पेटीवर. आत्याने लावली आणि पेला उचलून तोंडाला लावला. "गार झालाय," एवढंच म्हणाली. थोरला, म्हणजे रेडिओचा बाप, अजून शपथेवर सांगतो की त्याच्या वेळी पेला जास्त भरला होता.

पुढे त्याने स्वतःची होडी घेतली. पांढरीशुभ्र, मऊ गाद्यांची, आत गाणी लावणारी, आणि आत्याच्या होडीपेक्षा कितीतरी वेगवान. तरीही सकाळची पहिली खेप लोक आत्याबरोबरच करत, आणि हे बापाच्या घशाखाली उतरत नव्हतं. मागच्या महिन्यात घरी जेवताना त्याने विषय काढलाच.

"आता वय झालं तुझं. होडी माझ्याकडे दे, दोन्ही मी बघतो. तू आराम कर."

"आराम करायला काय मी दमलेय?"

"आज नाही, उद्या दमशील. भर खाडीत अडकशील आणि मलाच ओढून आणावं लागेल."

आत्याने ताटातून मान वर केली. "ज्या दिवशी माझी होडी दुसऱ्याच्या दोराने ओढत धक्क्याला येईल ना दादा, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात ठेवीन. स्वतःहून."

"शब्द?"

"शब्द. आता भाजी वाढ."

घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. रेडिओ तिथेच असल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही काठांनी ऐकलं.

आणि आज होडी खाडीच्या मधोमध आली तेव्हा एक छोटी मच्छीमार होडकी वल्ही मारत नेमकी आडवी घुसली. आत्याने होडी थांबवायला गिअर उलटा टाकला. सुलटा असता तर दोर बिचारा मागे मागे आला असता. उलटा पडताच पाणी पुढे ओढलं गेलं, पाण्याबरोबर दोर, आणि दोर गेला तो थेट पाण्याखालच्या पंख्यात. घर्र झालं, मग कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि इंजिन बंद.

रेडिओही गप्प झाला, तेव्हा लोकांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"नांगर," आत्या म्हणाली.

ओहोटी लागली होती, होडी वाळूच्या पट्ट्याकडे सरकत होती. रेडिओने धावत जाऊन नांगर सोडला. नांगराने तळ धरल्यावर आत्या माणसांतून वाट काढत मागे आली, वाकली आणि बघितलं. दोर ताठ होऊन काठावरून सरळ खाली गेला होता.

"आत आहे खरा," ती म्हणाली. "चांगलाच आत आहे."

"आत्या, ते कावळ्यांचं..."

"कावळ्यांचं नंतर."

तेवढ्यात गाणी ऐकू आली. पलीकडच्या काठाहून रिकामी पांढरी होडी येत होती. बापाने गाणी बंद केली, इंजिन मंद केलं आणि होडी हाकेच्या अंतरावर आणली. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. काळजीच्या मागून दुसरंही काहीतरी डोकावत होतं.

"काय गं, बंद पडली?"

"थांबवलीये."

"दोर टाकू?"

"तुझ्याकडेच असू दे. गारठा आहे, गळ्याला गुंडाळ."

बापाने मागचा ताठ दोर पाहिला आणि त्याला सगळं उमगलं. "तुझ्या भाच्याचा प्रताप दिसतोय."

"तुझ्या मुलाचा," आत्या म्हणाली. मग लगेच पुढे म्हणाली, "पण गिअर माझ्या हातात होता. भांडायचं तर माझ्याशी भांड."

रेडिओने बोलायला तोंड उघडलं. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने ते मिटलं. आजवर कुणालाही हे जमलं नव्हतं.

मग ती लोकांकडे वळली आणि शाळेत शिकवतात तसं समजावून सांगितलं. सगळ्यांनी पुढच्या टोकाला जाऊन दाटीवाटीने बसायचं. पुढे वजन वाढलं की मागचं टोक उचललं जाईल, पंखा पाण्याच्या वरच्या अंगाला येईल, आणि मग माणूस हात घालून दोर सोडवू शकेल. वेळ लागेल. किती, ते तिलाही माहीत नाही.

लोक उठले. भाजीच्या पाट्या, शाळेच्या हेडबाई, कारखान्याच्या बायका, सगळे पुढे दाटले. धान्याचे व्यापारी शेटजी चार पावलं पुढे गेले तसं मागचं टोक वीतभर वर आलं. सगळ्यांनी ते पाहिलं. कारखान्याच्या बायकांत खोकल्याची साथ आली.

बापाने हे पाहिलं आणि नेमक्या जागी बोट ठेवलं. "अहो, तुम्ही कशाला ताटकळताय? कामाला उशीर होईल. या माझ्या होडीत, पोचवतो. पैसे नकोत." त्याने होडी चिकटवलीसुद्धा.

ही खरी अडचण होती. माणसं गेली की वजन गेलं, वजन गेलं की मागचं टोक खाली, आणि मग उरणार बापाचा दोर. आत्याला ते समजत होतं. पण तिने अडवलं नाही. "ज्याला घाई आहे त्याने जा," ती म्हणाली. "मी राग धरणार नाही."

पहिला एक कडक इस्त्रीचा शर्ट उठला. त्याची नोकरीची मुलाखत होती, खरोखरच होती. "जा बाबा, नीट उत्तरं दे," आत्या म्हणाली आणि त्याला हात देऊन स्वतः पलीकडे उतरवलं. मागचं टोक बोटभर खाली बसलं.

मग कारखान्याचा पहिला भोंगा झाला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्यातली थोरली म्हणाली, "दुसरा भोंगा व्हायचाय अजून," आणि डबा मांडीवर घेऊन पसरून बसली. हेडबाईंनी पर्समधून वह्यांचा गठ्ठा काढला आणि तपासायला सुरुवात केली. बापाने शेवटी शेटजींकडे पाहिलं. शेटजी गेले तर अर्धं काम होणार होतं.

"शेटजी, तुम्ही तरी या. मऊ गादी आहे."

"असेल," शेटजी म्हणाले. "पण माझं वजन जन्मात पहिल्यांदा कुणाच्या कामी येतंय, आणि मी उतरू? छे." आणि त्यांनी बूड आणखी पुढे सरकवलं. इस्त्रीच्या शर्टाची भरपाई झाली.

आता कापायला काहीतरी हवं होतं. होडीवरचा कोयता नायलॉनच्या दोरावरून नुसता घसरायचा. बेकरीवाल्याने पिशवी छातीशी धरली. पिशवीत त्याची पाव कापायची नवीकोरी दातेरी सुरी होती. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले.

"तिने अजून एक पावही कापला नाहीये," तो काकुळतीने म्हणाला.

"मग पहिला मान माझा," म्हणून आत्याने हात पुढे केला.

रेडिओने शर्ट काढला. आत्याने त्याच्या कमरेला दुसरी एक दोरी बांधली, स्वतः, दोन वेळा ओढून बघितली. मग चाकाजवळ गेली, इंजिनाची किल्ली काढली, सुतळीत ओवली आणि त्याच्या गळ्यात घातली. पांढऱ्या होडीवरून बाप बघत होता. जी किल्ली आज आपल्या हातात यायची ती पोराच्या गळ्यात पडलेली त्याने पाहिली.

"तू खाली असेपर्यंत किल्ली तुझ्याकडे," आत्या म्हणाली. "इंजिन कुणाच्या बापाला चालू करता येणार नाही. आता नीट ऐक. मी पेटीत उतरून पान्याने पंख्याचा दांडा उलटा फिरवते, हाताने. जितका सैल होईल तितका तू ओढून घे. जिथे वितळून चिकटलाय तिथे काप. मला खालचं काही दिसणार नाही. सुरीच्या मुठीने तळावर ठोक. दोन ठोके म्हणजे फिरव. एक ठोका म्हणजे थांब. तुझी बोटं पात्यांत असतील."

"आणि चुकून..."

"चुकून नाही," आत्या म्हणाली. एवढंच. मग पेटीचं झाकण उघडून ती आत उतरली. बाहेर फक्त चष्म्याच्या सुतळीची गाठ दिसत राहिली.

पाणी गढूळ होतं. रेडिओने एका हाताने सुकाणू धरलं, श्वास घेतला आणि बुडी मारली. डोळ्यांना काही दिसेना, हातांनी पाहायला सुरुवात केली. पंख्याचं एक पातं, दुसरं पातं, आणि दोघांच्या मुळाशी दोराचा हा एवढा थोरला गुंडा, दगडासारखा घट्ट. बाहेरच्या बाजूचे वेढे वेढ्यांसारखे लागत होते. आतले एकमेकांत विरघळून मेणासारखे एक झाले होते. तळाला चिकटलेल्या शिंपल्यांनी त्याची बोटं सोलली.

त्याने दोन ठोके दिले.

काहीच झालं नाही.

पाण्याखाली क्षणही लांब असतो. त्याच्या मनात आलं, ती फिरवणार नाही. मघाशी आपण 'दोर आत' म्हटलं तेव्हा तो आत नव्हता. आता आपल्या ठोक्यावर तिने का विसंबावं? श्वास संपला, तो वर आला आणि पेटीतून आवाज ऐकला, "पाना घसरला रे! पुन्हा ठोक!"

तो पुन्हा बुडाला. दोन ठोके. या वेळी दांडा हलला, सावकाश, हाताखाली एखादं मोठं जनावर कूस बदलावं तसा. एक वेढा सैल झाला. त्याने तो ओढला. एक ठोका. दांडा थांबला. लगेच थांबला. वर श्वास, खाली बुडी, दोन ठोके, वेढा, एक ठोका. पांढऱ्या होडीवर बाप वाकून ऐकत होता. त्याचा मुलगा आयुष्यात इतकं कमी आणि इतकं नेमकं कधी बोलला नव्हता.

मग चिकटलेला भाग आला. सुरीचे दाते चावले, दोर कुरकुरला. दांडा फिरता असतानाच एक अर्धा कापलेला पदर त्याच्या बोटांभोवती वळला आणि बोटं पात्याकडे खेचली गेली. त्याने एक ठोका दिला. एकच, आणि तोही धड बसला नाही, नुसता खट् झाला. दांडा जागच्या जागी थांबला. पात्याची कड त्याच्या बोटाला टेकून होती. पेटीत, अंधारात, तेलाने माखलेली आत्या सगळा जीव कानांत आणून बसली होती हे त्याला पाण्याखालून कळलं.

त्याने बोटं सोडवली. वर येऊन छातीभर श्वास घेतला. पुन्हा खाली गेला आणि उरलेला गुंडा कापून काढला. पात्यावरून हात फिरवला. मोकळं. मुळाशी फिरवला. मोकळं. आनंदाच्या भरात त्याने तळावर तीन ठोके दिले.

"तीन म्हणजे काय रे?" पेटीतून आवाज आला. "तीनचं ठरलं नव्हतं!"

"सुटला!" रेडिओ वर येऊन ओरडला. त्याचा आवाज दोन्ही काठांना गेला. कारखान्याच्या बायकांनी डबे वाजवले. शेटजी उठायला गेले, तसा सगळ्यांनी मिळून ओरडा केला, "बसा, बसा!"

आत्या पेटीतून बाहेर आली. हात कोपरापर्यंत काळे, नाकाच्या शेंड्यावर वंगण. तिने रेडिओची सोललेली बोटं एकेक उलटून पाहिली, मोजल्यासारखी. सगळी होती. मग त्याच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली, नांगर वर ओढायला लावला, गोणपाटाच्या घडीवर जाऊन बसली आणि इंजिन चालू केलं. गिअर मात्र टाकला नाही. वाट बघत राहिली.

रेडिओ मागे गेला. दोराचे तुकडे आत होते, कमरेची दोरी आत होती, मागे पाण्यात काही नव्हतं. त्याने एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं.

"दोर आत!"

होडीतल्या झाडून सगळ्या माणसांनी माना वळवल्या आणि वाकून खात्री करून घेतली. हेडबाईंनी तर चष्मा वर करून पाहिलं. वळली नाही ती फक्त आत्या. तिने समोर बघत गिअर टाकला.

होडी आपल्या पायांनी धक्क्याला आली. लाट नाही, धक्का नाही, पेटीवर पेला असता तर चहा हलला नसता. कारखान्याचा दुसरा भोंगा ती लागता लागता झाला आणि बायका धावल्या. बाप पुढे निघून आधीच धक्क्यावर उभा होता. चहाच्या टपरीवाल्याला तो सांगत होता, "एक ठोका चुकला नाही. पाण्याखाली! मुलगा माझा आहे."

"मघाशी तर तो माझा भाचा होता," आत्या चाकावरून म्हणाली.

एवढ्यात रेडिओच्या लक्षात आलं की मागे बांधायला दोरच नाही. जो होता त्याचे तुकडे पायाशी पडले होते. ओहोटी होडीचं मागचं टोक बाहेर ओढायला लागली. बापाने क्षणभर बहिणीकडे पाहिलं, मग तिची होडी ओढून आणण्यासाठी मघापासून तयार ठेवलेला आपल्या होडीवरचा जाडजूड दोर उचलला आणि फेकला. रेडिओने झेलला. बापाने स्वतः खुंट्याला गाठ मारली.

"बांधलीस की नाही शेवटी माझ्या दोराला?" तो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"आधी धक्क्याला लागली, मग बांधली," आत्या म्हणाली. "नीट बघून घे."

"दोर परत पाहिजे मला."

"देते की."

बेकरीवाल्याची सुरी त्याला त्याच दिवशी मिळाली. तिचे तीन दाते मुडपले होते. ती आता पाव कापत नाही, दुकानात गल्ल्यामागे खिळ्याला टांगलेली असते आणि कुणी विचारलं नाही तरी तिची गोष्ट ऐकावी लागते. त्या गोष्टीत बेकरीवाला स्वतः बुडी मारता मारता राहतो.

बापाचा दोर मात्र अजून आत्याच्या होडीवरच आहे. चांगला आहे, जाड आहे, हातात भरतो. रोज सकाळी पांढरी होडी शेजारून जाते आणि बाप गाणी बंद करून विचारतो, "काय गं, माझा दोर?"

"देते," आत्या समोर बघत म्हणते.

मागे रेडिओ तो दोर खुंट्यावरून सोडतो, हाताहाताने आत ओढतो, शेवटचं टोक पायाखाली दाबून धरतो, आणि मग आरोळी ठोकतो.